घसरण्यासाठी गाडी निवडताना

मोटारींच्या शर्यतीत एक साधे तत्त्व मानले जाते. जी गाडी रस्ता घट्ट धरून वळण घेते ती पुढे जाते. टायर घसरला की वेळ वाया जातो, आणि शर्यत तर वेळेचीच असते. जपानमधल्या काही तरुणांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हे तत्त्व जाणूनबुजून उलटे केले. त्यांनी वळणावर गाडीचा मागचा भाग मुद्दाम मोकळा सोडला. गाडीचे नाक वळणाच्या आत, पुढची चाके मात्र उलट बाजूला वळवलेली, आणि गाडी आडव्या अंगाने पुढे चाललेली. अशा अवस्थेत न थांबता, न गरगरता अख्खे वळण पार करायचे. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. यात वेळ मोजत नाहीत. गाडी किती कोनात, किती वेगाने आणि किती डौलाने घसरली, हे पाहतात.

गेली तीन वर्षे मी या विषयाकडे एका व्हिडिओ गेमच्या वाटेने पाहतो आहे. 'फोर्झा होरायझन ५' हे त्या गेमचे नाव. इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा या गावातल्या प्लेग्राउंड गेम्स या संस्थेने तो तयार केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो बाजारात आला. त्यात मेक्सिकोचा एक कल्पित, आटोपशीर केलेला प्रदेश आहे आणि पाचशेहून अधिक गाड्या आहेत. फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी यांच्या कोट्यवधींच्या गाड्या थोडे दिवस खेळले की आपल्या गॅरेजमध्ये येऊन उभ्या राहतात. असे असूनही ड्रिफ्टिंग करणारे खेळाडू फिरून फिरून त्याच दहा-बारा जुन्या, मूळच्या बेताच्या किमतीच्या गाड्यांकडे येतात. हे असे का होते, हा माझा प्रश्न होता. उत्तराचा अर्धा भाग भौतिकशास्त्रात सापडला. उरलेला अर्धा कुठे सापडला, ते शेवटाकडे येईल.

घाटातला जन्म

ड्रिफ्टिंगचे मूळ शोधताना पहिले नाव येते ते कुनिमित्सु ताकाहाशी यांचे. ते आधी मोटरसायकलचे शर्यतपटू. १९६१ मध्ये मोटरसायकलची ग्रां प्री जिंकणारे ते पहिले जपानी स्वार ठरले. पुढे ते मोटारींकडे वळले आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी निसान स्कायलाइन चालवताना वळणात शिरण्यापूर्वीच गाडी घसरवून, त्याच घसरणीत वळण काढण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. त्या काळच्या टायरांना आजच्यासारखी पकड नव्हती. थोडे घसरत जाणे हा तेव्हा वेगाचाच एक मार्ग होता.

ताकाहाशींची ही शैली पाहून भारावलेल्यांत केइची त्सुचिया होते. १९५६ साली नागानो प्रांतात जन्मलेल्या त्सुचियांनी आपला सराव डोंगररस्त्यांवर केला. जपानीत अशा रस्त्यांना 'तोगे' म्हणतात. आपल्या भाषेत सरळ 'घाट' म्हणावे. रात्री रहदारी थांबली की तरुण मुले आपापल्या गाड्या घेऊन घाटात जमत. १९८७ मध्ये 'प्लसपी' नावाच्या चित्रफितीत त्सुचियांचे घाटातले कौशल्य लोकांनी पाहिले आणि एका परिसरातला छंद देशभर पोहोचला. लोक त्यांना 'ड्रिफ्ट किंग' म्हणू लागले.

त्या चित्रफितीतली गाडी टोयोटाची एई ८६ होती. तिचा जन्म १९८३ सालचा. टोयोटाने त्या पिढीतल्या बहुतेक कोरोला गाड्यांची ओढ पुढच्या चाकांकडे दिली. एई ८६ आणि तिच्या भावंडांत ती मागच्या चाकांकडेच राहिली. १,५८७ सीसीचे इंजिन, सुमारे १३० अश्वशक्ती, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. पुढे १९९५ पासून शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथा मालिका प्रसिद्ध होऊ लागली आणि या गाडीला कथानायिकेचे स्थान मिळाले. कथेतला मुलगा वडिलांच्या दुकानातला तोफू पहाटे घाटातून पोहोचवतो. गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवलेला असतो आणि पाणी सांडू द्यायचे नसते. हा पेला लेखकाने करमणुकीपुरता ठेवलेला नाही. गाडीचे वजन कसे हलते, हे समजावण्याचे याहून सोपे साधन मला अजून सापडलेले नाही.

पुढे या छंदाला मैदान मिळाले. २००० साली जपानमध्ये 'डी-१ ग्रां प्री' सुरू झाली आणि २००४ मध्ये अमेरिकेत 'फॉर्म्युला ड्रिफ्ट' या स्पर्धेचा पहिला हंगाम झाला. घाटातून निघालेली वाट अशी परवानगी असलेल्या बंदिस्त मैदानात येऊन पोहोचली.

खुला प्रदेश

'ओपन वर्ल्ड' म्हणजे असा गेम की ज्यात खेळाडूला ठरलेल्या मार्गावर डांबून ठेवलेले नसते. सगळा प्रदेश पहिल्यापासून मोकळा असतो. हवे तिथे वळावे, हवे तिथे थांबावे. होरायझन मालिकेने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोपासून सुरुवात केली. मग दक्षिण फ्रान्स आणि उत्तर इटली, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि पाचव्या भागात मेक्सिको. या मेक्सिकोत ग्वानाह्वातो हे रंगीत घरांचे शहर आहे, वाळवंट आहे, दाट जंगल आहे आणि 'ला ग्रान काल्देरा' हा ज्वालामुखी आहे. ज्वालामुखीच्या माथ्यावरून खाली येणारा नागमोडी डांबरी रस्ता हा ड्रिफ्टिंग करणाऱ्यांचा अड्डा. शिवाय गेममध्ये दर आठवड्याला ऋतू बदलतो. पावसाळा आला की त्याच रस्त्याची पकड कमी होते आणि काल वश असलेली गाडी आज हट्ट करू लागते.

पूर्वीच्या गेममध्ये गाडीच्या निवडीला एवढा अर्थ नव्हता. १९९३ च्या 'रिज रेसर'मध्ये वळणावर गाडी घसरत असे, पण ती घसरण खेळाच्या सोयीसाठी रचलेली होती, टायरच्या हिशेबातून आलेली नव्हती. फोर्झामध्ये प्रत्येक टायरवर पडणारा भार, त्याची पकड, इंजिनचा जोर, गाडीचे वजन यांचे गणित सतत चालू असते. हे गणित वास्तवाची पुरी नक्कल करत नाही, पण गाडीचा स्वभाव हाताला जाणवावा इतके ते खरे आहे. म्हणून तर कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न पडतो.

टायरचा हिशेब

टायरची पकड हा महिन्याचा ठरलेला पगार समजा. त्यातून तीन खर्च भागवायचे: वेग वाढवणे, ब्रेक लावणे आणि वळणे. खर्च पगाराच्या आत असेल तोवर गाडी सांगितल्याप्रमाणे चालते. बाहेर गेला की टायर घसरतो.

आता मागच्या चाकांना ओढ असलेली गाडी घ्या. पुढच्या चाकांवर फक्त वळण्याचा खर्च आहे. मागच्या चाकांना गाडी ढकलायचीही आहे आणि वळणात जागेवर टिकूनही राहायचे आहे. वळणात ॲक्सिलरेटर दाबला की मागच्यांचा पगार आधी संपतो आणि गाडीची मागची बाजू बाहेर सुटते. चालक लगेच स्टेअरिंग उलट फिरवतो. पुढच्या टायरांकडे शिल्लक असल्यामुळे ते त्याचे ऐकतात. या क्षणापासून कामांची अदलाबदल होते. ॲक्सिलरेटर जास्त दाबला की मागची बाजू आणखी बाहेर जाते, सोडला की परत आत येते. म्हणजे गाडीचा कोन पायाने ठरतो, आणि गाडी कुठे न्यायची ते हाताने ठरते. ड्रिफ्टिंगचे सारे व्याकरण या एका अदलाबदलीत आहे.

पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत हे होऊ शकत नाही. तिथे वळणे आणि ओढणे हे दोन्ही खर्च पुढच्याच टायरांवर आहेत. ते संपले की गाडी वळायचे सोडून सरळ बाहेर जाते. हँडब्रेक ओढून मागची बाजू क्षणभर फेकता येते, पण ती टिकवायला मागे जोरच नसतो. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत मागची बाजू सुटते खरी, पण पुढची चाके गाडीला सतत पुढे खेचत राहतात. वेग भरपूर मिळतो, पण कोन टिकवणे हा चालकाचा निर्णय न राहता यंत्राचा होऊन बसतो.

इंजिन कुठे आहे यालाही महत्त्व आहे. फुगडी घालताना दोघी जवळ आल्या की गिरकी एकदम जलद होते, आणि हात ताणून मागे झुकल्या की ती संथ आणि डौलदार होते. ज्या गाडीचे इंजिन मध्यभागी असते तिचे वजन एकवटलेले असते. ती सुटली की सावरायला वेळ न देता गरकन फिरते. इंजिन पुढे आणि गाडी लांब असेल तर वजन पसरलेले राहते आणि सुटलेली गाडी आपल्याला विचार करायला अर्धा क्षण जास्त देते. ड्रिफ्टिंगमध्ये तो अर्धा क्षण हीच खरी मालमत्ता. सुपरकार इथे मागे पडतात ते एवढ्यासाठीच. त्या घसरू नयेत म्हणूनच घडवलेल्या असतात.

उरला पाण्याचा पेला. ब्रेक लावला की पाणी पुढे येते, उजवीकडे वळले की डावीकडे कलते. गाडीचे वजनही असेच हलते. वळणाआधी क्षणभर उलट दिशेला स्टेअरिंग देऊन मग झटक्यात वळणाकडे आणले, तर हेलकावलेल्या वजनानेच मागची बाजू सुटते. स्कँडिनेव्हियातल्या रॅली चालकांची ही युक्ती. हँडब्रेक ओढणे किंवा क्लच क्षणभर दाबून झटक्यात सोडणे हे बाकीचे मार्ग. कोणत्या गाडीला कोणता मार्ग मानवतो, यातच तिचा स्वभाव कळतो.

पाच गाड्या, पाच स्वभाव

मी ज्वालामुखीच्या उतारावर एकेक गाडी आठवडा आठवडा चालवली. मदतीच्या सोयी, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल, बंद. गिअर हाताने. त्यातल्या पाच गाड्या वाचकांपुढे ठेवण्याजोग्या वाटतात.

पहिली अर्थात एई ८६. जोर कमी असल्यामुळे नुसता ॲक्सिलरेटर दाबून ती घसरत नाही. वेग घेऊन यावे लागते, वजन हेलकावून तिला सोडावे लागते, आणि एकदा सुटली की वेग मोडणार नाही अशी वाट पकडावी लागते. चूक केली तर ती रागावत नाही, नुसती मंदावते. शिकवणाऱ्या गाड्यांमध्ये हिच्यासारखी दुसरी नाही. चढावर मात्र ती हताश करते. गेममध्ये तिच्यात दुसरे जोरकस इंजिन बसवता येते. तसे केले की ती वेगळीच गाडी होते आणि आपण ती कशासाठी घेतली होती तेच हरवते.

दुसरी निसान सिल्व्हिया. एस १३, एस १४ आणि एस १५ अशा तिच्या तीन पिढ्या ड्रिफ्टिंगच्या जगात मान्यता पावलेल्या आहेत. १९८८ मध्ये आलेली एस १३ जपानमध्ये प्रियकर-प्रेयसीने फिरायला जाण्याची गाडी म्हणून खपली. नव्वदच्या दशकात त्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या आणि घाटातल्या मुलांच्या हाती आल्या. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,४७५ मिलिमीटर, एस १५ चे २,५२५. हे अंतर फार कमी नाही, फार जास्तही नाही. गाडी कोन पटकन घेते आणि तो धरूनही ठेवते. एस १५ च्या वरच्या प्रकारात २५० अश्वशक्ती येते आणि या रस्त्याच्या बऱ्याच भागाला ती पुरते. ज्याला एकच गाडी घ्यायची आहे त्याला मी सिल्व्हिया सांगेन.

तिसरी माझ्दा आरएक्स-७, विशेषतः १९९१ पासूनची तिची तिसरी पिढी. हिचे रोटरी इंजिन आकाराने लहान आणि हलके आहे. ते पुढच्या आसाच्या मागे बसवलेले असल्याने वजन पुढे-मागे जवळजवळ सारखे वाटले जाते. ती कोन बदलते तो वाक्यातला सूर बदलावा इतक्या सहज. पण तिचा जोर वरच्या फेऱ्यांत आहे. इंजिनच्या फेऱ्या खाली आल्या की घसरण मेलीच. चुकीच्या गिअरमध्ये वळणात शिरलात तर ती माफ करत नाही.

चौथी माझ्दाचीच एमएक्स-५, लहानखुरी, उघड्या टपाची. पहिल्या पिढीत चाकांमधले अंतर जेमतेम २,२६५ मिलिमीटर. ती अतिशय चपळ आहे, आणि नेमके तेच अवघड जाते. हातात स्टेअरिंगचे चाक नसून अंगठ्याने फिरवायचा कंट्रोलर असेल, तर तिच्या वेगाने सावरणे फार कठीण. आखूड गाडी शिकण्यासाठी सोपी असते, हा समज तिने खोडून काढला.

पाचवी फोर्ड मस्टँग. २०१५ नंतरच्या पिढीत चाकांमधले अंतर २,७२० मिलिमीटर, समोर पाच लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन. ती सुटते सावकाश आणि परत येते त्याहून सावकाश. लांब, मोकळ्या वळणांवर तिच्यासारखी राजेशाही घसरण दुसऱ्या कुणाची नाही. पण डावे संपते न संपते तोच उजवे वळण आले की तिचे वजन एका बाजूकडून दुसरीकडे आणताना दमछाक होते.

फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये उतरलेल्या काही खऱ्या गाड्याही गेममध्ये आयत्या मिळतात. त्यात फेरारी ५९९ सुद्धा आहे. त्यांचे स्टेअरिंग खूप वळते, जोर अफाट असतो आणि कोन जवळजवळ आपोआप मिळतो. शिकून तयार झालेल्याला त्या आनंद देतील. नवख्याला त्या फारसे काही शिकवत नाहीत.

गॅरेजमधले काम

निवड गाडी घेऊन संपत नाही. मागच्या दोन चाकांमध्ये जोर वाटणारा डिफरन्शियल आधी हाताळावा लागतो. साध्या गाडीत तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो, आणि वळणात हलके झालेले आतले चाक सगळा जोर वाया घालवते. ड्रिफ्टसाठी तो शंभर टक्क्यांवर आणून दोन्ही चाके एकत्र बांधतात. दोन बैलांवर एकच जू ठेवावे तसे. मग दोन्ही चाके एकदम सुटतात आणि काय होणार ते आधी कळते.

त्यानंतर ड्रिफ्टसाठीचे सस्पेन्शन, ज्याने पुढची चाके नेहमीपेक्षा जास्त वळतात. मग पुढच्या चाकांचा कॅस्टर, जो गेममध्ये ७ अंशांपर्यंत वाढवता येतो. तो जास्त असला की स्टेअरिंग घसरणीत स्वतःहून उलट वळायला मदत करते. पुढच्या चाकांचा कॅम्बर उणे ५ अंशांपर्यंत नेता येतो, म्हणजे उलट वळवलेल्या चाकाचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. शेवटी गिअरचे प्रमाण. एक वळण एकाच गिअरमध्ये पार व्हावे, असे ते लावायचे. जोर किती असावा याचा नियम मी एका वाक्यात सांगतो: ज्या वेगाने तुमचा आवडता रस्ता काढता येतो, त्या वेगाला मागचे टायर सोडवता येतील इतकाच. त्याहून जास्त जोर फक्त धूर काढतो.

मीटर आणि नजर

इथवर सारे यंत्रशास्त्र झाले. आता गेममधल्या 'ड्रिफ्ट झोन'कडे येऊ. रस्त्याचा ठरावीक तुकडा घसरत पार केला की गेम गुण देतो आणि गुणांनुसार एक ते तीन तारे. हे गुण मुख्यतः वेग आणि कोन यांवर मिळतात. लवकर तीन तारे हवेत तर खेळाडूंमध्ये सर्रास चालणारा एक उपाय आहे. मागच्या चाकांची गाडी घ्यायची, तिला चारही चाकांची ओढ बसवायची, भरपूर अश्वशक्ती भरायची आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवायचा.

मी दोन्ही करून पाहिले. एकाच तुकड्यावर सिल्व्हियाला कितीतरी प्रयत्नांनंतर दोनच तारे मिळाले. चारही चाकांच्या गाडीला पहिल्याच फेरीत तीन. नंतर दोन्ही फेऱ्यांचे रिप्ले पाहिले. तीन ताऱ्यांच्या फेरीत गाडी सुंदर दिसत होती, पण वळणाच्या आरंभी घेतलेला एक निर्णय सोडला तर चालकाने काही ठरवलेच नव्हते. सिल्व्हियाच्या फेरीत दर वीस-तीस मीटरवर पाय सैल झाला होता, पुन्हा दाबला गेला होता. एका ठिकाणी गाडी वाया जाता जाता वाचली होती. मीटरला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त बेरीज येते.

खऱ्या स्पर्धांनाही हा पेच सुटलेला नाही. फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये परीक्षक मार्ग, कोन आणि शैली पाहून गुण देतात. यांतली शैली मोजायची कशी? डी-१ मध्ये गाडीवर उपकरण बसवून वेग आणि कोन यंत्राने मोजण्याची पद्धत पुढे आली. माणसाच्या पक्षपातावर तो उतारा होता. तरी दोन गाड्या एकमेकींच्या मागे सोडल्या जातात, तेव्हा निकालाला माणसाची नजर लागतेच. कारण त्या फेरीत पाहायचे असते ते मागच्या गाडीने पुढचीशी राखलेले अंतर, तिची नक्कल करताना दाखवलेले धाडस, आणि पुढचीने मागचीला दिलेली वाट.

माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा उरलेला भाग इथे आहे. गेममध्ये संध्याकाळनंतर ज्वालामुखीच्या माथ्यावर अनोळखी खेळाडू जमतात. कुणी कुणाशी बोलत नाही. एकजण निघतो, दुसरा त्याच्या मागे लागतो, मग तिसरा, चौथा. गाड्या एकमेकींच्या दारापाशी नाक ठेवून, एकाच कोनात, खाली घसरत येतात. याचे तारे मिळत नाहीत. उलट एक धक्का लागला की आजवर साठत आलेली गुणांची साखळी तुटते. एकदा अशा चार गाड्यांच्या रांगेत मी शेवटी होतो आणि प्रत्येक वळणाला मागे पडत होतो. पुढचा आरएक्स-७ चा चालक तिसऱ्या वळणापासून आपला कोन वाढवू लागला. कोन वाढला की गाडी मंदावते. त्याने स्वतःचा वेग घालवून मला जवळ येऊ दिले. तो कुठल्या देशातला, कुठल्या भाषेचा, मला ठाऊक नाही. पण कोन वाढवणे हे तेव्हा त्याचे वाक्य होते आणि ते मला कळले.

अशा सोबतीसाठी गाडी कशी हवी? फार वेगवान नको, कारण मग कुणी सोबत येऊ शकत नाही. फार दुबळी नको, कारण मग आपण मागे पडतो. तिची हालचाल मागून येणाऱ्याला वाचता आली पाहिजे. म्हणून बरेच गट आपापसांत अश्वशक्तीची मर्यादा ठरवून घेतात. जपानी कारखानदारांनी १९८९ ते २००४ या काळात २८० अश्वशक्तीच्या पुढे न जाण्याचा एक आपसातला समझोता पाळला होता. त्याचे कारण वेगळे, रस्त्यांवरच्या सुरक्षेचे. पण त्या काळातल्या सिल्व्हिया आणि आरएक्स-७ परस्परांशी बरोबरीच्या राहिल्या, त्यामागे हाही एक धागा असावा असे मला वाटते. जुन्या गाड्यांकडे खेळाडू परत येतात त्यात गतकाळाची ओढ थोडी असेल. पण मुख्य कारण असे की या गाड्या घाटात एकमेकींच्या सोबतीने वाढल्या. तीन ताऱ्यांसाठी गाडी निवडणारा सगळ्यांना मागे टाकणारी गाडी शोधतो. ड्रिफ्टसाठी निवडणारा शोधतो ती दुसऱ्याच्या शेजारी चालवता येईल अशी.

आपल्या रस्त्यांशी नाते

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटेल, पण मागच्या चाकांची गाडी आपल्याला नवी नाही. १,०८९ सीसीची पद्मिनी आणि अँबॅसडर या दोन्ही मागच्या चाकांच्या. पावसात गाडी मागून सुटते, हा अनुभव मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या दोन पिढ्यांना पायाने ठाऊक होता. ज्या १९८३ साली टोयोटाने कोरोलाच्या बहुतेक भावंडांना पुढच्या चाकांकडे नेले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुढच्या चाकांची मारुती ८०० भारतात आली आणि आपली घरगुती गाडी कायमची बदलली. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आज विशीतल्या मुलाला मागच्या चाकांच्या मोटारीचा स्वभाव बहुधा पडद्यावरच भेटतो.

आणि तो पडद्यावरच भेटावा. गेममध्ये गाडी कड्यावरून गेली तर एक बटण दाबून काळ मागे नेता येतो. वरंधा किंवा आंबेनळी घाटात ते बटण नाही, आणि समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांनी आपल्या खेळाला होकार दिलेला नाही. जपानच्या घाटांतही गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, रस्त्यांवर उंचवटे आले. त्सुचियांच्या पिढीला सराव करायला दुसरी जागा नव्हती. आजच्या मुलाला ती आहे, आणि तिथे शिकण्यासारखे सारे काही शिकता येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एई ८६ घ्यावी, सोयी बंद कराव्यात, उतारावर जावे. महिन्याभराने सिल्व्हिया घ्यावी आणि रांगेत सामील व्हावे.

२०२५ च्या सप्टेंबरात टोकियो गेम शोमध्ये या मालिकेचा पुढचा भाग जपानमध्ये घडणार असल्याचे जाहीर झाले. ज्या घाटांत हा छंद जन्मला त्याच भूमीवर तो आता खेळाच्या रूपाने परत जाईल. गाड्यांची यादी आणखी लांबेल, ताऱ्यांचे हिशेब बदलतील. माझा अंदाज असा की त्या नव्या घाटातही पहिल्या आठवड्यात सगळे सर्वांत जोरकस गाडी शोधतील, आणि वर्षभराने माथ्यावर जमलेल्यांत सिल्व्हियांची संख्या पुन्हा वाढलेली असेल.